भूशास्त्रज्ञ जेम्स हटन

आषाढातील मोठ्या पावसानंतर गावची नदी कशी दिसते, ते तुम्ही पाहिलेच असेल. एरवी निवळशंख वाहणारे तिचे पाणी त्या दिवसांत गढूळ व दाट होते. तो रंग पाण्याचा नव्हे, मातीचा. डोंगरउतारांवरची, माळावरची, शेतांतली माती पाण्याबरोबर वाहत जाते आणि अखेर समुद्राच्या तळाशी जाऊन बसते. शेतकरी बांध घालतो, ताली धरतो. तरी थोडीफार माती जातेच. वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे. मग मनात एक शंका सहज येते. माती वाहून नेण्याचे हे काम पृथ्वीवर पहिला पाऊस पडला तेव्हापासून चालू असेल, तर एव्हाना सारी जमीन समुद्रात कशी गेली नाही? डोंगर अजून उभे कसे?

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्यास हीच शंका आली. शंका पुष्कळांस येतात आणि विरूनही जातात. या शेतकऱ्याने मात्र आपल्या शंकेचा जन्मभर पाठपुरावा केला. त्याचे नाव जेम्स हटन.

हटनचा जन्म इ. स. १७२६ च्या जून महिन्याच्या ३ तारखेस स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. त्याचे वडील व्यापारी होते व काही काळ ते नगराचे खजिनदारही होते. हटन अगदी लहान असतानाच ते वारले आणि मुलांच्या संगोपनाचा सारा भार आईवर पडला. मुलाने चांगले शिकावे अशी त्या माउलीची फार इच्छा होती. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एडिंबरोच्या विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी तिकडे इतक्या कोवळ्या वयात विद्यापीठात जाण्याची चाल होती.

तेथे एक गमतीची गोष्ट घडली. तर्कशास्त्राचे प्राध्यापक एके दिवशी आपला विषय समजावून देत असता ओघाओघात सोन्याचे उदाहरण बोलून गेले. हलक्या धातू एकेकट्या आम्लात विरघळतात, पण सोन्यास विरघळविण्यासाठी दोन आम्ले एकत्र यावी लागतात, असे ते उदाहरण होते. वर्गातील इतर मुलांनी तर्कशास्त्र ध्यानात ठेवले. हटनच्या मनात सोने आणि आम्लेच राहिली. त्या दिवसापासून त्यास रसायनशास्त्राचे वेड लागले. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यास एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारीस ठेवले, तेव्हा दस्तऐवजांच्या नकला करण्याऐवजी तो तेथील कारकुनांस रासायनिक प्रयोग करून दाखवू लागला. वकील मोठा समंजस गृहस्थ होता. त्याने रागे न भरता हटनची करारातून मुक्तता केली आणि आवडीचा मार्ग धरण्याचा सल्ला दिला.

रसायनशास्त्रास जवळचा विषय म्हणून हटनने वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. एडिंबरो, पॅरिस व हॉलंडमधील लायडन अशा तीन ठिकाणी शिकून इ. स. १७४९ मध्ये तो वैद्यकाची पदवी मिळवून बाहेर पडला. तथापि वैद्याचा धंदा त्याने कधीच केला नाही. आपल्या एका मित्राबरोबर त्याने धुराड्यातील काजळीपासून नवसागर तयार करण्याची रीत शोधून काढली होती. कल्हईवाला भांड्याला कल्हई लावताना जी पांढरी पूड टाकतो, तोच हा नवसागर. पूर्वी तो इजिप्तहून आणावा लागे. एडिंबरोच्या धुराड्यांत मात्र काजळीस तोटा नव्हता. या धंद्यातून पुढे हटनला उत्पन्न मिळत राहिले व पोटाची चिंता मिटली.

हटनच्या वडिलांनी बेरिकशर परगण्यात थोडी शेतजमीन ठेवली होती. ती पडीक व दगडगोट्यांनी भरलेली होती. आता तिच्याकडे पाहावे असे हटनच्या मनाने घेतले. पण शेती करायची तर नीट शिकूनच, अशी त्याची वृत्ती होती. म्हणून हा पदवीधर वैद्य इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफक परगण्यात जाऊन एका शेतकऱ्याच्या घरी राहिला आणि तेथील सुधारलेली शेती त्याने डोळ्यांनी पाहून, हातांनी करून आत्मसात केली. परतताना त्याने तिकडचा नांगर व तो चालविणारा नांगऱ्याही आपल्याबरोबर आणला. इ. स. १७५४ पासून सुमारे चौदा वर्षे तो आपल्या शेतावर राहिला. दगड वेचून काढणे, चर खणून पाणी काढून देणे, बांध घालणे यांत त्याचे दिवस जात.

याच काळात त्यास जमिनीकडे निरखून पाहण्याची सवय जडली. कोठे खड्डा खणलेला दिसला, चर काढलेला दिसला, ओढ्याने काठ कापलेला दिसला, की हटन तेथे वाकून पाहू लागे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली फुटका खडक आणि सर्वांत खाली अभंग खडक, असे थर त्यास दिसत. ऊन, थंडी, पाऊस यांनी खडक हळूहळू कुजतो व त्याची माती होते, हे त्याने ओळखले. माती खडकापासून होते म्हणूनच पिके येतात व माणसे जगतात. परंतु जी माती पिकासाठी मोकळी झालेली असते, तीच पावसाने वाहून जाण्यासही मोकळी असते. आपल्या शेतातील माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत व नदीतून समुद्रात जाताना तो दर वर्षी पाहत होता. मनुष्यास जगविण्याच्या कामातच जमीन झिजत आहे. तेव्हा ती भरून निघण्याची काहीतरी सोय निसर्गात असलीच पाहिजे, असे त्यास वाटू लागले. ती सोय कोणती, हे मात्र त्यास उमगेना.

त्या काळी युरोपातील बहुतेक लोक पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानीत. धर्मग्रंथांतील पिढ्यांचा हिशेब करून एका धर्माधिकाऱ्याने पृथ्वीच्या उत्पत्तीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ असे ठरवूनही टाकले होते. सहा हजार वर्षांत एक डोंगरही पुरता झिजत नाही. त्यामुळे जमीन संपेल कशी, ही चिंता कोणास पडण्याचे कारणच नव्हते.

इ. स. १७७० च्या सुमारास हटन शेती दुसऱ्यास लावून एडिंबरोस परतला. आपल्या अविवाहित बहिणींसह तो तेथे राहू लागला. तो स्वतःही अविवाहितच राहिला. त्याची अभ्यासाची खोली दगड, जीवाश्म आणि प्रयोगाची उपकरणे यांनी इतकी भरलेली असे, की भेटावयास आलेल्या मनुष्यास बसावयास जागा मिळणे कठीण होई. कर्बवायूचा शोध लावणारा जोसेफ ब्लॅक, थोर अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ व वाफेच्या यंत्रात सुधारणा करणारा जेम्स वॅट हे त्याचे मित्र. या मंडळींच्या बैठकीत हटन आपले विचार मोकळेपणाने बोलून दाखवी आणि मित्र त्यावर शंका काढीत. फोर्थ व क्लाइड या दोन नद्यांस जोडणारा मोठा कालवा त्या सुमारास खोदला जात होता. त्याच्या कामातही हटनचा सल्ला घेतला जाई. कालव्याचे खोदकाम म्हणजे त्याच्या दृष्टीने पृथ्वीच्या पोटात डोकावण्याची आयती संधी होती.

मित्रांचा फार आग्रह झाल्यावर अखेर इ. स. १७८५ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, हटनने आपला सिद्धांत एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. ७ मार्च रोजी पहिला भाग वाचावयाचा होता, त्या दिवशी तो आजारी पडला, म्हणून त्याच्या वतीने ब्लॅकने तो वाचला. दुसरा भाग ४ एप्रिल रोजी त्याने स्वतः वाचला.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. जमिनीवरून वाहून गेलेली वाळू व माती समुद्राच्या तळाशी थरावर थर होऊन बसते. कालांतराने हे थर दबून त्यांचा खडक होतो. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे. तिच्या जोराने समुद्रतळाचे हे खडक वर उचलले जातात व त्यांची नवी जमीन होते. त्या जमिनीस पुन्हा ऊन-पाऊस लागतात, ती पुन्हा झिजते आणि तिची माती पुन्हा समुद्रात जाते. एका जमिनीच्या झिजण्यातून दुसरी जमीन जन्मास येते. शेतावर असताना पडलेल्या कोड्याचे उत्तर त्यास असे मिळाले होते. मात्र या उत्तरास अपार काळ लागत होता. सहा हजार वर्षे त्यास कोठेच पुरी पडत नव्हती.

हे म्हणणे सहजासहजी कोण मान्य करणार? त्या वेळी जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खनिजविद्येचा अध्यापक वेर्नर याचे मत विद्वानांत प्रचलित होते. प्राचीन काळी साऱ्या पृथ्वीवर एक महासागर होता व सर्व खडक त्याच्या पाण्यातूनच साका बसावा तसे तयार झाले, असे वेर्नर सांगे. त्याच्या मते ग्रॅनाइट हा पहिला, सर्वांत जुना खडक. हटनला वाटे, की ग्रॅनाइट पाण्यातून झालेला नसून पृथ्वीच्या पोटातील वितळलेला रस थिजून झालेला आहे. दोन्ही मते एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. आता वादविवादाचा उपयोग नव्हता. दगडासच साक्षीस बोलवावयास हवे होते.

हटनने विचार केला, की ग्रॅनाइट जर वितळलेल्या स्थितीत खालून वर घुसला असेल, तर जुन्या खडकांच्या भेगांत त्याचे फाटे शिरलेले कोठेतरी दिसलेच पाहिजेत. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो आपला मित्र जॉन क्लार्क याजबरोबर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात ग्लेन टिल्ट नावाच्या खोऱ्यात गेला. तेथे नदीच्या पात्रात गडद रंगाच्या पट्टेदार खडकात तांबड्या ग्रॅनाइटच्या शिरा चोहोकडे शिरलेल्या त्यास दिसल्या. काही ठिकाणी तर ग्रॅनाइटने जुन्या खडकाचे तुकडे आपल्या पोटात घेतले होते. ज्या घरात कोणी शिरते, ते घर शिरणाऱ्याच्या आधी बांधलेले असावयास हवे. तेव्हा ग्रॅनाइट पहिला नव्हे, नंतरचा, हे उघड झाले. हटनला इतका आनंद झाला, की बरोबरच्या वाटाड्यांस या म्हाताऱ्या गृहस्थाला सोन्याची किंवा चांदीची खाण सापडली असावी असे वाटले.

एडिंबरोत त्याच्या घराजवळच एक उंच कडा होता. तेथेही काळ्या खडकाने थरांच्या मध्ये घुसून त्यांस वाकविले व मोडले होते, हे त्याने दाखवून दिले. हा काळा खडकही वेर्नरचे शिष्य पाण्यातून झालेला मानीत. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर याच कुळातील आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेला तप्त रस पसरून व थिजून तो झाला आणि तो कुजूनच आपल्या देशावरची काळी माती झाली. हटनने सह्याद्री कधी पाहिला नाही. पाहिला असता तर त्याचे काम पुष्कळ सोपे झाले असते.

परंतु काळ अपार आहे, याचा पुरावा अजून मिळावयाचा होता. तो इ. स. १७८८ मध्ये मिळाला. ही हकीकत समजण्यासाठी एक साधी गोष्ट करून पाहा. काचेच्या पेल्यात गढूळ पाणी भरून ठेवा. काही वेळाने गाळ तळाशी बसेल आणि त्याचा थर आडवाच बसेल, उभा कधीही बसणार नाही. तेव्हा कोठे खडकाचे थर उभे दिसले, तर ते आधी आडवे तयार झाले व मागाहून कोणत्यातरी जबरदस्त शक्तीने उभे केले, असे समजण्यास हरकत नाही.

आदल्या वर्षी जेडबरो गावाजवळ नदीकाठच्या दरडीत हटनने उभ्या थरांवर आडवे थर बसलेले पाहिले होते. मात्र तेथे माती व झाडी यांमुळे पुष्कळसा भाग झाकलेला होता. जेथे समुद्राच्या लाटांनी खडक धुऊन स्वच्छ ठेवला असेल अशी जागा त्यास हवी होती. सर जेम्स हॉल या तरुण शास्त्रज्ञाची जहागीर बेरिकशरच्या किनाऱ्यालगत होती. हटन त्याच्याकडे गेला. बरोबर गणिताचा प्राध्यापक जॉन प्लेफेअर होता. या वेळी हटन बासष्ट वर्षांचा, प्लेफेअर चाळीस वर्षांचा आणि हॉल सत्तावीस वर्षांचा होता. समुद्र शांत असल्याचे पाहून तिघे नावेत बसले आणि किनाऱ्याच्या कड्यांवर नजर ठेवीत पुढे निघाले. सिकर पॉइंट नावाच्या एका भूशिराशी येताच हटनला हवे होते ते समोर दिसले. नाव खडकाला लावून ते उतरले.

खाली करड्या रंगाच्या खडकाचे थर फडताळात पुस्तके लावावीत तसे उभे होते. त्यांचे वरचे शेंडे झिजून गेले होते. त्या शेंड्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलते पसरले होते. दोहोंच्या सांध्याशी, तांबड्या खडकाच्या अगदी बुडाशी, करड्या खडकाचेच फुटलेले तुकडे घट्ट रुतलेले होते. तेथेच उभे राहून हटन आपल्या मित्रांस या खडकांचा इतिहास समजावून देऊ लागला. एकेकाळी येथे समुद्र होता व त्याच्या तळाशी करडी वाळू व चिखल थराथराने साचला. त्याचा खडक झाला. मग तो खडक घड्या पडून उभा झाला व पाण्याच्या वर आला. तो डोंगर ऊनपावसाने झिजत झिजत सपाट झाला. नंतर त्याच्या झिजल्या माथ्यावर दुसऱ्या कोणत्यातरी डोंगराची तांबडी वाळू येऊन साचली. तिचाही खडक झाला, तोही उचलला गेला आणि आता समुद्र त्या दोघांसही झिजवीत आहे. एक नखभर थर साचण्यास जेथे वर्षे लागतात, तेथे एवढ्या उलाढालीस किती काळ लागला असेल! काळाच्या त्या खोल दरीत डोकावताना आपणांस भोवळ आल्यासारखे झाले, अशा अर्थाची आठवण प्लेफेअरने पुढे लिहून ठेवली आहे.

आज या दोन्ही खडकांची वये मोजण्यात आली आहेत. खालचा खडक सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा व वरचा सुमारे सदतीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हात ठेवला तर एका तळव्याखाली दोन्ही मावतात; पण त्यांच्या सांध्यात सुमारे साडेसहा कोटी वर्षे लपलेली आहेत. हटनजवळ हे आकडे नव्हते. आकडा सांगण्याच्या भरीस तो पडलाही नाही. पृथ्वीच्या आरंभाची खूण आपणांस सापडत नाही आणि अंताचीही चाहूल लागत नाही, एवढेच तो म्हणे.

यावर टीका झालीच. इ. स. १७९३ मध्ये आयर्लंडमधील कर्वन नावाच्या शास्त्रज्ञाने हटनवर कडक हल्ला चढविला व त्याचे मत धर्मविरोधी असल्याचे सूचित केले. हटन त्या सुमारास मूत्रविकाराने अंथरुणास खिळलेला होता. तो टीकालेख हाती पडताच दुसऱ्या दिवसापासून त्याने आपल्या ग्रंथाचे हस्तलिखित नीट करावयास घेतले. दुखण्याच्या वेदना सोशीत त्याने काम पुरे केले आणि इ. स. १७९५ मध्ये त्याच्या ग्रंथाचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

हा ग्रंथ थोर आहे; पण तो वाचणे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. हजाराहून अधिक पानांचा तो मजकूर, लांबलचक वाक्ये आणि मध्ये मध्ये फ्रेंच भाषेतील पानेच्या पाने उतरून घेतलेली. बोलताना हटनची वाणी स्वच्छ व रसाळ असे, पण लेखणी हाती घेतली की ती अडखळे. विचार कितीही मोलाचा असो, तो वाचकाच्या गळी उतरला नाही तर कपाटात पडून राहतो. हटनच्या विचारांचे तसेच होण्याचा धोका होता. शिवाय त्याच्या काही कल्पना चुकीच्याही होत्या. वाळू व चिखल यांचा खडक होण्यास उष्णतेने त्यांचे कण वितळावे लागतात असे तो समजे. वास्तविक दाब आणि पाण्यातून येणारी चुना व गारगोटी यांसारखी द्रव्ये यांनीही ते काम होते. जमीन उचलली कशी जाते, याचा उलगडाही त्याच्या नंतर पावणेदोनशे वर्षांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या खंडांचे बनलेले असून ते खंड अत्यंत मंद गतीने सरकतात व एकमेकांस भिडतात, हे तेव्हा कळून आले.

तरुण हॉलने एकदा खडक वितळवून पाहण्याचा बेत हटनपुढे मांडला होता. पृथ्वीच्या पोटातील उलाढालीची परीक्षा एका चिमुकल्या मुशीत होणार नाही, असे म्हणून हटनने तो मोडून काढला. येथे मात्र हटन चुकला. हॉलने वृद्ध मित्राचा मान राखून थांबणे पत्करले आणि त्याच्या पश्चात प्रयोग प्रसिद्ध केले. काळा खडक भट्टीत वितळवून एकदम थंड केला की त्याची काच होते. परंतु अगदी सावकाश थंड केला की त्याचा पुन्हा कणीदार दगडच बनतो, असे त्यास आढळले. ज्या प्रयोगास हटनने नकार दिला, त्या प्रयोगाने हटनचेच म्हणणे खरे ठरविले.

इ. स. १७९७ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस हटनचा अंत झाला. शेवटच्या दिवसापर्यंत त्याने लेखणी खाली ठेवली नव्हती. त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित तसेच राहिले. त्यातील उपलब्ध भाग छापला जाण्यास इ. स. १८९९ उजाडावे लागले. प्लेफेअरने मात्र मित्राचे ऋण फेडले. पाच वर्षे खपून, इ. स. १८०२ मध्ये, त्याने हटनचा सिद्धांत सुबोध व सुंदर भाषेत लिहून काढला, आणि तो पुस्तकरूपाने लोकांच्या हाती पडला.

ज्या वर्षी हटन वारला त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये चार्ल्स लायेलचा जन्म झाला. आज नदी, लाटा, वारा व ज्वालामुखी जे करीत आहेत त्यावरूनच पृथ्वीचा भूतकाळ ओळखावा, या हटनच्या विचारावर लायेलने पुढे तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड इ. स. १८३० मध्ये निघाला, आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स डार्विन हा तरुण तो खंड बरोबर घेऊन जगप्रवासास निघाला. प्राणी व वनस्पती यांच्या उत्क्रांतीस जो प्रदीर्घ काळ लागतो, तो डार्विनला या मार्गाने हटनकडून मिळाला. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे इ. स. १९५६ मध्ये निश्चित झाले.

हटनची समाधी एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत आहे. ज्याने दगडांस बोलते केले, त्याच्या जागेवर दीडशे वर्षे त्याच्या नावाचा साधा दगडही नव्हता. इ. स. १९४७ मध्ये तेथे एक शिलालेख बसविण्यात आला. त्यावर त्याचे नाव, जन्ममृत्यूची वर्षे आणि तो आधुनिक भूशास्त्राचा संस्थापक होता, एवढाच मजकूर कोरलेला आहे.